नळ व पंप यांच्या दुरुस्तीची नोंद

पेरणीची तारीख, मजुरांची हजेरी, अडत्याकडील पट्टी इत्यादि गोष्टी आमचे शेतकरी बंधू आतां लिहून ठेवूं लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु विहिरीवरील पंपाची अगर जमिनींत पुरलेल्या नळाची दुरुस्ती झाली म्हणजे मिस्त्र्याच्या हातावर पैसे ठेवावयाचे आणि पाणी पडूं लागलें कीं तें काम विसरून जावयाचें, अशीच बहुतेक ठिकाणीं वहिवाट आहे. काय बिघडलें होतें, काय बदललें व किती खर्च आला याचा कागद मिस्त्र्यापाशींही नसतो व मालकापाशींही नसतो.

आमच्या माहितीच्या एका गांवीं दोघां भावांची सामाईक विहीर आहे. थोरल्याच्या पाळींत नळ फुटला. मिस्त्र्यानें बांधाजवळ खणून सांधा बदलला, थोरल्यानें पैसे दिले व खड्डा बुजविला. पुढल्या वर्षीं ऐन चैत्रांत त्याच बाजूस पाणी झिरपूं लागलें. मिस्त्री परगांवीं गेलेला. सांधा नेमका कोठें, हें कोणास आठवेना. तीन ठिकाणीं खणून पाहण्यांत चार दिवस गेले व आऱ्या धरलेला भुईमूग सुकला. धाकटा म्हणाला, "दादा, तुम्हीं हलका नळ घातलात." थोरला म्हणाला, "तुझा अर्धा हिस्सा अजून आलेला नाहीं." पंच बसले; परंतु दोघांपाशींही चिठ्ठी नव्हती. नळ जोडला गेला, भावांचें बोलणें मात्र बंद झालें तें अद्याप बंदच आहे.

महसुली कामांत पंचनामा जागेवरच करितात, याचें कारण उघड आहे. दिवस लोटले म्हणजे प्रत्येकास आपल्या सोयीचें तेवढेंच आठवतें. तोच नियम येथें लावावा. काम संपल्यावर विहिरीच्या कांठींच पुढील गोष्टी लिहाव्यात :—

(१) तारीख, वेळ, गट क्रमांक, विहीर कीं बोअर, आणि मिस्त्र्याचें नांव.

(२) तक्रार व दोष वेगवेगळे. "पंपाचें पाणी उतरतें" ही तक्रार झाली. "फूटव्हॉल्व्हची झडप झिजली होती" हा दोष झाला.

(३) काय काढलें व काय घातलें. नुसतें "दुरुस्ती केली" असें लिहूं नये. नळाचा व्यास व तो ४ किलोचा कीं ६ किलोचा, हें अवश्य लिहावें. पाणी १० मीटर चढविण्यास दर चौरस सेंटीमीटरला सुमारें १ किलो दाब लागतो. म्हणून ३५ मीटर चढाला ४ किलोचा नळ घातल्यास पाण्याचा धक्का सोसण्यास फारशी जागा उरत नाहीं.

(४) पुरलेल्या सांध्याचें अंतर दोन पक्क्या खुणांपासून टेपनें मोजून लिहावें. एका खुणेनें जागा ठरत नाहीं. खड्डा बुजविण्यापूर्वीं मोबाईलवर छायाचित्रही घ्यावें. बोअरमध्यें किती पाइप सोडले तें मोजावें. २० फुटी १२ पाइप म्हणजे मोटर २४० फुटांवर, हें पुढें मोटर वर काढतांना उपयोगी पडतें.

(५) चाचणी. पंप किती वेळ चालविला, गळती राहिली काय, व तिन्ही फेजांवर व्होल्ट आणि अँपिअर किती होते. विजेचा दाब तोच असतां पुढल्या खेपेस अँपिअर बरेच वाढलेले दिसले, तर मोटर जळण्यापूर्वींच तपासून घेतां येते.

(६) सामानाची किंमत व मजुरी वेगवेगळी. कोणीं किती दिले. हमी कशाची व किती दिवसांची. आणि कोणतें काम राहिलें.

चिठ्ठीच्या दोन प्रती कराव्यात व दोघांनींही सह्या कराव्यात. एक मालकाच्या दप्तरांत राहावी, दुसरी मिस्त्र्याच्या वहींत. विहीर सामाईक असल्यास प्रत्येक हिस्सेदारास एकेक प्रत द्यावी. मिस्त्र्याचेंही यांत हितच आहे. राहिलेली बाकी मागण्यास आधार मिळतो, दुसऱ्याच्या चुकीचा दोष त्याच्यावर येत नाहीं, व पुढल्या खेपेस योग्य मापाचें सामान घेऊन येतां येतें.

कायद्याचीही याला जोड आहे. २० जुलै २०२० पासून अंमलांत आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ या कायद्यानें, विकलेल्या मालाची व केलेल्या सेवेची पावती विहित रीतीनें न देणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. तक्रारीचें कारण घडल्यापासून सामान्यतः २ वर्षांच्या आंत तक्रार करावी लागते. तारखेचा कागदच नसेल तर ही मुदत तरी कशावरून मोजणार ?

मिस्त्री घाईंत असतो, लिहिण्याचा त्यास कंटाळा असतो, अशी सबब कोणी सांगतील. त्यांनीं स्वतः लिहावें, अगर शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींकडून लिहवून घ्यावें, व मिस्त्र्यास वाचून दाखवून मगच सही घ्यावी. दहा मिनिटांचें काम आहे. आमच्या वाचकांनीं आजच एक वही शिवून तिच्यावर "विहिरीची वही" असें नांव घालावें, आणि पुढली दुरुस्ती तींत नोंदल्यावांचून मिस्त्र्यास निरोप देऊं नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.