संत्रे आपले, रस ब्राझीलचा

पाहुणे यायच्या आधी संत्र्यांचा रस काढून ठेवू नये, हा आपल्या घराघरांतला जुना दंडक आहे. रस काढावा, गाळावा आणि लागलीच पेला पाहुण्यांच्या हाती द्यावा. घटकाभर अधिक झाकून ठेवला की त्याची गोडी जाते आणि जिभेच्या मुळाशी एक कडवट चव रेंगाळत राहते. धार-देवासकडच्या आपल्या वडीलधाऱ्या बायकांना यामागचे रसायनशास्त्र अवगत नव्हते, अनुभव मात्र पक्का होता. गंमत अशी की, जगभर चालणाऱ्या संत्रारसाच्या विराट व्यापारात आपल्या संत्र्याला जागा का मिळाली नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या दंडकातच आहे.

दिवाळी उलटून थंडीला जोर चढला की देवासच्या बाजारात आणि धारच्या रस्त्यांवर संत्र्यांच्या हातगाड्या उभ्या राहतात. विक्रेता ‘नागपुरी’ म्हणून ओरडत असला, तरी त्यातला पुष्कळसा माल नागपूरचा नसतो. तो येतो आपल्याच माळव्यातून, आगर, सुसनेर, शाजापूर, भानपुरा या भागांतल्या बागांतून. देवासहून आगर जेमतेम शंभर किलोमीटर. २०१३ साली आगर-माळवा हा शाजापुरातून वेगळा काढलेला जिल्हा झाला आणि पुढे ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेत त्याच्या नावापुढे संत्रेच लिहिले गेले. भानपुऱ्याची शीव ओलांडली की राजस्थानातील झालावाड लागते. तेथेही हीच बाग.

जात मात्र नागपुरी, यात शंका नाही. रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेकडून रोपे आणवून ती नागपूरच्या आपल्या बागेत लावली, असे सांगतात. १७२८ साली अमझेऱ्याच्या रणावर मोगल सुभ्याचा पाडाव झाला आणि पवारांची घराणी धार-देवासला स्थिरावू लागली, ते हेच अठरावे शतक. आपले पूर्वज माळव्यात तलवार घेऊन आले, संत्रे त्यांच्या मागाहून फार सावकाश आले, तेही नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातून नव्हे, तर वऱ्हाडातल्या शेंदूरजनाघाट आणि वरूड-मोर्शीकडच्या रोपवाटिकांतून, जंबेरीवर डोळा बांधलेल्या कलमांच्या रूपाने. महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी वस्तूंत या झाडाची गणना करावयास हरकत नसावी.

आता दुकानातल्या फळीवरची संत्रारसाची पेटी उचलून पाहावी. चित्र रसरशीत असते. मागे बारीक अक्षरांत ‘कॉन्सन्ट्रेट’ हा शब्द असतो, म्हणजे आटवून घट्ट केलेला आणि पुन्हा पाणी घालून पातळ केलेला रस. अशा पेयांसाठी लागणारा आटीव रस आपल्या देशात बाहेरूनही येतो. शंभर किलोमीटरवर बागा ओथंबलेल्या असताना रस समुद्रापलीकडून यावा, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. पण येथे आपली भाषा आपल्याला थोडी फसविते. इंग्रजीतल्या ‘ऑरेंज’ या शब्दासाठी आपण ‘संत्रे’ हा शब्द वापरतो, आणि जगातील ‘ऑरेंज’चा रस ज्या फळापासून निघतो ते आपले संत्रे नव्हेच. ते गोड संत्रे, घट्ट सालीचे, चिरूनच खावे लागणारे, म्हणजे आपल्या मोसंबीचे सख्खे भावंड. सैल सालीचे, बोटांनी सोलता येणारे आपले नागपुरी संत्रे हे मँडरिन कुळातले. थोडक्यात, न्यूयॉर्कच्या न्याहारीला जो रस असतो तो मोसंबीच्या गोतावळ्यातला.

या रसाचा व्यापार फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, सैन्याला टिकाऊ रस पुरवावा म्हणून प्रयोग चालले होते. निर्वात भांड्यात कमी उष्णतेवर रस आटवावा, उडून गेलेला स्वाद भरून काढण्यासाठी त्यात थोडा ताजा रस मिसळावा आणि तो गोठवावा, ही युक्ति तेथे साधली. १९४८ साली तिचे पेटंटही झाले. सहा बादल्या रसाची सुमारे एक बादली होते. वजनाच्या हिशेबाने पाहिले तर एक टन आटीव रसाला दहा-अकरा टन फळ लागते. नासणारे फळ या युक्तीने साखरेसारखे साठवता येऊ लागले, आणि जे साठवता येते त्याचा सट्टाही होतो. १९६६ पासून न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात गोठवलेल्या संत्रारसाचे वायदे सुरू झाले.

डिसेंबर १९६२ मध्ये फ्लोरिडात भयंकर हिमकडाका पडला. बागाच्या बागा करपल्या. ही संधी ब्राझीलच्या साओ पावलो प्रांताने घेतली. १९६३ पासून तेथे आटीव रसाचे मोठे कारखाने उभे राहू लागले, आणि पाहता पाहता जगातील संत्रारसाच्या निर्यातीचा सुमारे तीन-चतुर्थांश हिस्सा या एका देशाच्या हाती गेला. सांतोस बंदरातून पोटात पोलादी टाक्या असलेली जहाजे निघतात. शून्याखाली आठ-दहा अंशांवर राखलेला रस रॉटरडॅम आणि गेंट येथे नळांवाटे उतरवून घेतला जातो, एखादे खनिज तेल असावे तसा! फळातले काहीच वाया जात नाही. सालीचे तेल अत्तरे व साबणांकडे जाते, चोथा वाळवून गुरांचे खाद्य होते. संत्र्याची साल वाळवून दिवाळीच्या उटण्यात घालणाऱ्या आपल्या गृहिणींना हा काटकसरीपणा परका वाटणार नाही.

या यशाचे मर्म केवळ यंत्रांत नाही. ब्राझीलच्या बागा एकरी आपल्यापेक्षा दुपटी-तिपटीने फळ देतात, आणि जातींची मांडणीच अशी की हॅम्लिन संपली की पेरा पिकते, पेरा संपली की व्हॅलेन्सिया आणि नाताळ. कारखान्याचे चाक आठ महिने थांबत नाही. आपल्याकडे आंबिया बहराचे फळ ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहराचे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मृग हवा असेल तर ऐन उन्हाळ्यात झाडाला ताण द्यावयाचा आणि आभाळाकडे डोळे लावून बसावयाचे. पाऊस वेळेवर आला नाही तर त्या वर्षी मृग नाहीच.

आता त्या कडवटपणाकडे वळू. संत्र्याच्या फोडीच्या पडद्यात आणि बियांत एक द्रव्य असते. फळ अभंग असेतोवर ते मुळीच कडू नसते. फळ पिळले की ते रसातल्या आंबटाशी येऊन मिळते आणि तास-दोन तासांत त्याचे ‘लिमोनिन’ नावाचे कडू द्रव्य बनते. रस तापविला, जसा बाटलीत भरण्यापूर्वी तापवावाच लागतो, तर हे रूपांतर अधिकच वेगाने होते. नागपुरी संत्र्यात हा दोष ठळक आहे. शिवाय घट्ट सालीच्या फळासाठी घडविलेल्या परदेशी यंत्रांत आपले पोकळ सालीचे फळ धड बसत नाही, आणि प्रत्येक फळात सहा-सात बिया चिरडल्या जाण्याची तयारी करून बसलेल्या असतात.

म्हणून हे अशक्य आहे काय? नाही. कॅलिफोर्नियातील नाभीदार संत्र्याचा रसही असाच कडू होतो. तेथे तो विशिष्ट राळेच्या कणांतून गाळून त्यातला कडूपणा शोषून घेतात. नागपूरच्या ‘नोगा’ने स्क्वॅश आणि जॅमच्या रूपाने संत्रे आपल्या घरांत कित्येक दशके पोहोचविले. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहान भागात पतंजलीचा फळप्रक्रियेचा मोठा कारखाना सुरू झाला. दररोज ८०० टन फळ हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. अडचण विज्ञानाहून अधिक हिशेबाची आहे. चांगल्या वर्षी खाण्याच्या संत्र्याला बाजारात जो भाव मिळतो तो रसाच्या कारखान्याला परवडत नाही. वाईट वर्षी भाव कोसळतो, शेतकरी कारखान्याची वाट पाहतो, आणि केवळ वाईट वर्षांवर जगेल असा कारखाना कोण काढणार?

याउलट उदाहरण आपल्या धार-देवासच्या दारातच आहे. माळव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात पडीक ठेवून हिवाळ्यात गहू-हरभरा घेत. १९६० च्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पिवळ्या सोयाबीनचे प्रयोग केले आणि दोन दशकांत सारा माळवा सोयाबीनने भरून गेला. देवास, इंदूर, पीथमपूर परिसरात तेल काढण्याचे कारखाने उभे राहिले, १९७९ साली त्यांची संघटना इंदुरात स्थापन झाली, आणि येथली पेंड कांडल्याच्या बंदरातून आग्नेय आशियात जाऊ लागली. ज्या शेतकऱ्याने समुद्र पाहिला नव्हता त्याच्या खळ्यावरचा माल जहाजावर चढला. सोयाबीनला हे साधले, कारण त्याचा दाणा कोठारात सहा महिने थांबतो, आणि देवासचा दाणा व इलिनॉयचा दाणा यांत खरेदीदार भेद करीत नाही. संत्र्याला दोन्ही सवलती नाहीत.

म्हणून निर्यात करावयाची तर अख्ख्या फळाची, आणि तेथे एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचे संकट ओढवले. विदर्भाच्या संत्र्याचा सर्वांत मोठा ग्राहक बांगलादेश. २०१९ च्या सुमारास किलोला वीस रुपयांच्या घरात असलेले आयातशुल्क त्या देशाने वाढवीत वाढवीत २०२३ अखेर अठ्ठ्याऐंशी रुपयांवर नेले. सरहद्दीकडे जाणारा माल देशातल्याच बाजारांत ओतला गेला आणि भाव पडले. महाराष्ट्र शासनाने निर्यातीला अनुदान जाहीर केले. ते विदर्भासाठी होते, माळव्यातील बागाईतदाराला नव्हे. पण दिल्लीच्या मंडईत दोन्हीकडचा माल शेजारी शेजारी उतरतो, तेव्हा पडलेला भाव मात्र दोघांचाही. मोठे फळ कसेबसे विकले जाते. विदर्भात ज्याला ‘चुरी’ म्हणतात ते लहान फळ अशा वर्षी तोडणीची मजुरीही भागवीत नाही, आणि आठ-दहा वर्षे पोटच्या पोरासारखी वाढविलेली झाडे उपटून तेथे पुन्हा सोयाबीन पेरण्याचा विचार माणसाच्या मनात येतो. नेमके हेच लहान फळ रसासाठी उत्तम.

याच काळात रसाच्या राजधान्या मात्र आजारी पडल्या आहेत. ‘ग्रीनिंग’ नावाचा जिवाणुजन्य रोग सिला या इवल्याशा किडीवाटे पसरतो. फळे वाकडी, हिरवी, कडवट राहतात आणि झाड झुरून मरते. हा रोग आशियाचा जुना रहिवासी. आपल्या देशात तो १९६० च्या दशकातच ओळखला गेला. २००४ साली तो ब्राझीलमध्ये आणि २००५ साली फ्लोरिडात सापडला. १९९७-९८ च्या हंगामात फ्लोरिडाने सुमारे ४१ किलोंच्या २४ कोटी ४० लाख पेट्या संत्री काढली होती. २०२३-२४ मध्ये तो आकडा दोन कोटींच्याही खाली गेला. ब्राझीललाही रोग आणि अवर्षण यांनी घेरले. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात आटीव रसाचा भाव पौंडाला पाच डॉलरच्या वर चढला. २०२५ मध्ये तो झपाट्याने उतरला, पण व्यापाऱ्यांच्या उरातली धडकी गेलेली नाही.

त्या टंचाईच्या दिवसांत फळरस-व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत एक विचार बोलला गेला, आणि आपल्या दृष्टीने तो मोलाचा आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या २००५ च्या नियमाप्रमाणे ‘ऑरेंज ज्यूस’ म्हणून विकावयाच्या रसात मँडरिन कुळातील फळाचा रस दहा टक्क्यांपर्यंतच मिसळता येतो. ही मर्यादा सैल करावी काय, असा तो विचार. अद्याप ती सैल झालेली नाही. झाली तरी कडवटपणा काढणारी यंत्रणा, वर्षभराचा पुरवठा आणि रोगमुक्त कलमे ही तयारी आपणांसच करावी लागेल. मधल्या काळात जळगावच्या जैन इरिगेशनने ब्राझीलकडील रसाच्या गोड जाती आणून शेतकऱ्यांना दिल्या आहेत. म्हणजे नागपुरी फळाचा रस जगाला पाजण्याऐवजी जगाच्या फळाची लागवड आपण करावी, असा हा दुसरा मार्ग. व्यवहाराच्या दृष्टीने तो शहाणपणाचा असेल, पण भोसल्यांच्या बागेतल्या त्या सैल सालीच्या फळाकडे पाहिले की मन काही तत्काळ होकार देत नाही.

यंदा आगरकडचा माल हातगाडीवर दिसला तर वाचकांनी लहान फळेही मागून पाहावीत. विक्रेता ती टोपलीच्या तळाशी ठेवतो आणि स्वस्त देतो. फोडींचा पांढरा पडदा शक्य तितका काढावा, बिया वेगळ्या कराव्यात, हातानेच पिळावे. मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या तर पेला तोंडाला लावेपर्यंतच तो कडू झालेला असेल.