घरफोडीचा विमा : कुलूप आणि वही, दोन्ही पक्की हवीत

दुकानाचा विमा उतरवला की आपला व्यापारी निर्धास्त होतो. पुढे चोरी होते आणि कंपनीचे पत्र येते, "दावा नामंजूर." हप्ता तर वेळेवर भरला होता, मग चुकले कुठे? बहुधा पॉलिसीच्या अटी न वाचण्यात.

आपण ज्याला चोरीचा विमा म्हणतो तो खरे पाहता घरफोडीचा विमा असतो. कुलूप तोडून, शटर उचकटून किंवा भिंत फोडून माल गेला तरच भरपाई मिळते. गिऱ्हाईक बनून आलेल्याने फळीवरचे थान लांबवले, तर ती यात बसत नाही. 2004 साली सर्वोच्च न्यायालयानेही एका गोदामाच्या खटल्यात हेच सांगितले की, पॉलिसीत बळाच्या वापराची अट असेल तर तोडफोडीवाचून झालेल्या चोरीची भरपाई मागता येणार नाही. नोकराने किंवा घरच्या माणसाने केलेली चोरीही यातून वगळलेली असते.

म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

1) विम्याच्या अर्जात कुलपे, जाळी, चौकीदार, कॅमेरा यांची माहिती विचारतात. जे नाही ते लिहू नये. जे लिहिले ते चालू ठेवावे. चौकीदार काढला किंवा गाळा बदलला, तर कंपनीला लेखी कळवावे.

2) रोकड रात्री तिजोरीत ठेवावी, पण किल्ली दुकानात ठेवू नये. चोराने तुमच्याच किल्लीने तिजोरी उघडली तर पैसे मिळत नाहीत. किल्ली मारहाण करून किंवा धमकावून घेतली असेल तर गोष्ट वेगळी.

3) ईदला गावी किंवा उमऱ्याला जाताना लक्षात ठेवावे की, जागा सलग सात दिवस-रात्र ओस राहिली तर बहुतेक पॉलिसींचे संरक्षण थांबते. आधी कंपनीची लेखी संमती घ्यावी.

4) भिवंडी-मालेगावात मजुरीवर काम करणाऱ्या कारखान्यातले सूत पुष्कळदा दुसऱ्या व्यापाऱ्याचे असते. असा परक्याचा माल पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्यावा. तो आपल्याकडे अमानत आहे.

5) हप्ता वाचवण्यासाठी रक्कम कमी लिहू नये. माल 10 लाखांचा आणि विमा 5 लाखांचा असेल, तर 2 लाखांच्या चोरीला साधारण 1 लाखच हाती येतो.

6) दंगलीतील लूट या विम्यात सहसा नसते. जादा हप्ता भरून ती जोडून घेता येते.

चोरी झाल्यास तुटलेले कुलूप जागचे हलवू नये. ताबडतोब पोलिसांत एफआयआर नोंदवावा, पंचनाम्याची प्रत घ्यावी आणि त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे. सर्व्हेअर खरेदीची बिले व मालाची वही मागतो. वही दुकानातच ठेवली आणि तीही गेली, तर नुकसान सिद्ध कसे करणार? तिची एक प्रत घरी असावी.

दावा अन्यायाने फेटाळला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास छोट्या उद्योजकाला विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे.

विमा घ्यावा की नाही, हे आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. पण घ्यायचाच तर अटी समजून घ्यावा. उंट बांधल्यावरच तवक्कुल शोभतो. कुलूप आणि वही हीच आपल्या व्यापाराची दोरी आहे.