खडतर वाटेवरची दुचाकी शर्यत : अखेरच्या तासापर्यंत ऊर्जा कशी टिकते?

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर पोलादासाठी देशभर ओळखले जाते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीजवळ जाड संरक्षक पोशाखात काम करणारा कामगार आणि हेल्मेट, छातीचे कवच, गुडघ्यांची ढाल व उंच बूट घालून दगडधोंड्यांतून दुचाकी हाकणारा स्पर्धक यांच्यात वरवर पाहता काहीच साम्य नाही. मात्र दोघांच्या शरीरापुढील प्रश्न एकच असतो. श्रमामुळे शरीरात उष्णता निर्माण होते, बाहेरही उष्णता असते आणि पोशाखामुळे घाम सहज सुकत नाही. मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणाऱ्या भिलाई-दुर्ग परिसरात दुचाकीचा सराव करणाऱ्यांसाठी हा प्रश्न केवळ कामगिरीचा नाही, तर सुरक्षिततेचाही आहे.

दुचाकी चालवण्याचे श्रम इंजिन करते, स्वार नुसता बसून असतो, असा सर्वसाधारण समज आहे. डांबरी रस्त्यापुरता तो काही अंशी खराही मानता येईल. मुरूम, वाळू, नाले आणि चढउतार यांतून जाताना मात्र स्वार बराच वेळ पायटेकांवर उभा असतो. गुडघे व मांड्या धक्के झेलतात, हात शंभर किलोहून अधिक वजनाचे वाहन वळवतात आणि बोटे क्लच व ब्रेकवर सतत कामात असतात. मोटोक्रॉस स्पर्धकांवरील शास्त्रीय पाहण्यांत त्यांच्या हृदयाची गती कमाल मर्यादेच्या नव्वद टक्क्यांहून वर गेल्याचे आढळले आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत वेग तुलनेने संयत असतो. पण तेथे हेच श्रम कित्येक तास चालतात.

साखरेचा साठा मर्यादित

अशा श्रमांसाठी शरीर प्रामुख्याने ग्लायकोजेन वापरते. यकृत व स्नायूंमध्ये साठवलेली ही साखरच होय. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात तिचा साठा साधारणपणे ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजेच १,६०० ते २,००० किलोकॅलरी इतका असतो. शरीरातील चरबीचा साठा याच्या कित्येक पट मोठा असला, तरी तिच्यापासून ऊर्जा मिळण्याची प्रक्रिया संथ असते. त्यामुळे काही तासांच्या जोरकस श्रमांनंतर साखरेचा साठा आटू लागतो आणि स्वाराला एकाएकी गळून गेल्यासारखे वाटते.

या अवस्थेचा पहिला फटका अनेकदा स्नायूंऐवजी निर्णयशक्तीला बसतो. विश्रांतीच्या स्थितीतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा एकट्या मेंदूला लागते आणि त्याचे मुख्य इंधन रक्तातील साखर हेच आहे. साखर घटली की खड्डा उशिरा दिसतो, ब्रेक उशिरा लागतो, वळणाचा अंदाज चुकतो. हँडल गरजेपेक्षा घट्ट धरले जाते, मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग ताठरतो आणि त्यातच आणखी ऊर्जा खर्ची पडते.

यावरील उपाय सोपा आहे, पण तो वेळेवर करावा लागतो. दीर्घ श्रमांमध्ये दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, अशी क्रीडा आहारशास्त्राची प्रचलित शिफारस आहे. अडीच-तीन तासांपेक्षा लांब स्पर्धांमध्ये ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन्ही शर्करा एकत्र घेतल्यास हे प्रमाण ९० ग्रॅमपर्यंत नेता येते. अर्थात त्यासाठी पोटाला आधीपासून सवय लावावी लागते. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके मिळतात. खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू हे पदार्थही खिशात मावतात. भूक लागल्यावर खाण्यास सुरुवात केली, तर उशीर झालेला असतो. म्हणूनच अनुभवी स्पर्धक पहिल्या पाऊण तासातच पहिला घास घेतात आणि नंतर भुकेऐवजी घड्याळाकडे पाहून खातात.

पाणी हवे, पण मिठासह

कडक उन्हात श्रम करताना तासाला एक ते दोन लिटर घाम जाऊ शकतो. मध्य भारतातील कोरड्या उन्हाळ्यात उघड्या त्वचेवरचा घाम वाऱ्याने लगेच सुकतो आणि किती पाणी गेले हे स्वाराच्या ध्यानातही येत नाही. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या शरीरातील सुमारे दीड लिटर पाणी कमी झाले, की कार्यक्षमता घटू लागते. सरावापूर्वी व सरावानंतर वजन करणे हा आपला घाम मोजण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मधल्या वेळात प्यालेले पाणी हिशेबात धरून घटलेला प्रत्येक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर घाम होय.

घामातून पाण्याबरोबर सोडियमही जाते. त्यामुळे तासन्‌तास नुसते पाणी पिणेही धोक्याचे ठरू शकते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांपैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर घटल्याचे दिसून आले. गरजेपेक्षा अधिक द्रव पिणे हे त्यामागील प्रमुख कारण होते. डोकेदुखी, मळमळ व गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे उष्णतेच्या त्रासासारखीच असल्याने, आणखी पाणी पाजण्याची चूक सहज घडते.

मीठ आणि साखर एकत्र दिल्यास आतड्यातून पाणी अधिक चांगले शोषले जाते. याच तत्त्वाच्या आधारे डॉ. दिलीप महालनबिस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांवर जलसंजीवनीचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती प्रमाण आजही सर्वत्र सांगितले जाते. हेच पेय पाठीवरील पाण्याच्या पिशवीत भरले, तर हँडलवरील हात न काढता नळीने घोट-घोट घेता येते. त्यातून मिळणारी साखर मात्र थोडी असल्याने सोबत खाणे आवश्यकच असते.

छत्तीसगडच्या खेड्यांत हे शहाणपण जुनेच आहे. रात्री शिजवलेला भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा व मिरचीसोबत खायचा, या पदार्थाला तेथे बोरे-बासी म्हणतात. २०२२ मध्ये १ मे या कामगार दिनी राज्य शासनाच्या आवाहनानुसार तो राज्यभर खाल्ला गेला. भात, पाणी आणि मीठ, असे उन्हात राबणाऱ्याला हवे ते तिन्ही घटक त्यात आहेत. विदर्भातील आंबील आणि कैरीचे पन्हे याच जातकुळीचे. असे असले, तरी शर्यतीच्या दिवशी कोणताही पदार्थ प्रथमच खाऊ नये. पोटाला जे सवयीचे, तेच खावे.

अनेक दिवसांच्या शर्यती

एका दिवसाची शर्यत निभावणे वेगळे आणि रोज तेच करणे वेगळे. सौदी अरेबियात २०२० पासून होत असलेली डकार रॅली सुमारे दोन आठवडे चालते. दक्षिण अमेरिकेत झालेल्या २०१५ च्या डकारमध्ये सी. एस. संतोष यांनी ३६ वे स्थान मिळवले आणि ही रॅली पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. २०२४ मध्ये हरिथ नोह यांनी ‘रॅली २’ गटात विजय मिळवला. २०२१ मध्ये आशिष रावराणे खासगी स्पर्धक म्हणून या रॅलीत उतरले होते. कारखान्याच्या संघातील स्वारांच्या दिमतीला तंत्रज्ञ, स्वयंपाकी व फिजिओथेरपिस्ट असतात. खासगी स्पर्धकाला मात्र बऱ्याच गोष्टींची जुळवाजुळव स्वतःच करावी लागते आणि त्याची किंमत अनेकदा झोपेने चुकवावी लागते.

अशा शर्यतीत दिवसाचा टप्पा संपल्यानंतरचा पहिला तास महत्त्वाचा असतो. या काळात शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम कर्बोदके आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने घेतल्यास रिकामा झालेला साठा लवकर भरू लागतो. वरण-भात, दही-पोहे, खिचडी व अंडी यांतून हे सहज साधते. उरलेले काम झोप करते. कॉफी तिची जागा घेऊ शकत नाही.

थांबण्याची वेळ ओळखणे

उन्हाळ्याची सवय शरीराला १० ते १४ दिवसांत होते. तोपर्यंत सराव पहाटे व थोड्या वेळापुरता ठेवणे हिताचे. थंड हवेच्या ठिकाणाहून थेट भिलाईच्या उन्हात सरावाला येणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. उलटी, थंडी वाजल्याचा भास, तोल जाणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसल्यास दुचाकी तत्काळ थांबवावी. शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊन शुद्ध हरपू लागली असेल, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी हेल्मेट व कवच काढून, सावलीत नेऊन, अंगावर पाणी ओतत व वारा घालत रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर नसलेल्या व्यक्तीला पाणी पाजू नये.

दुचाकीच्या टाकीत किती पेट्रोल उरले आहे, याचा हिशेब प्रत्येक स्पर्धक ठेवतो. शरीरातील पाणी, मीठ आणि साखर यांचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे ठेवावा लागतो, कारण शरीराची टाकी रिती होत असल्याचे दाखवणारा काटा कोणत्याही दुचाकीवर नसतो.