गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत संगणक नेमकं काय करतो?
पारंपरिक पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून कापाचा कोन ठरवतात. संगणकाच्या मदतीने करताना मांडीच्या आणि नडगीच्या हाडांवर पिनांनी ट्रॅकर बसवतात. इन्फ्रारेड कॅमेरा ते टिपतो. सर्जन पाय खुब्यातून गोल फिरवतात, त्यावरून खुब्याचा मध्यबिंदू मिळतो आणि पायाचा कल अंशांत पडद्यावर दिसतो. अशी पहिली शस्त्रक्रिया १९९७मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे झाली. पाय ३ अंशांहून जास्त वाकडा राहण्याचं प्रमाण यात घटतं, हे खरं. पण वेदना आणि चालणं यांत सरसकट मोठा फरक दिसलेला नाही; वेळही जास्त लागतो. जुन्या फ्रॅक्चरने मांडीचं हाड वाकलेलं असेल किंवा आत रॉड असेल, तर मात्र डॉक्टरांकडे संगणकाचा विषय जरूर काढा. एरवी यंत्राआधी सर्जनचा अनुभव विचारा.