कासऱ्याविना धाव

पुणे जिल्ह्यातल्या वरवंड गावच्या माणसाला हिम ठाऊक असते ते चित्रातले. परंतु जनावराच्या बळावर भूमीवरून घसरत जाण्याचा आनंद त्याला अपरिचित आहे, असे मात्र कोणी समजू नये. नांगरट झालेल्या रानात ढेकळे फोडण्यासाठी मैंद फिरवायची वेळ आली, म्हणजे त्या ओंडक्यावर भार हवा या निमित्ताने घरातली पोरे बसविली जात. कासरा बापाच्या हाती, बापाच्या धोतराचा सोगा पोराच्या मुठीत, आणि धुळीचा लोट दोघांच्याही नाकातोंडात, अशी ती स्वारी बांधापर्यंत जाऊन वळे. १९२८ साली सेंट मॉरित्झच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, पायांना बर्फपट्ट्या बांधून घोड्यांमागे गोठलेल्या तळ्यावरून ओढले जाणाऱ्या स्वारांचा जो खेळ प्रात्यक्षिक म्हणून झाला, त्याचे मर्म वरवंडच्या त्या पोराला समजावून सांगावे लागले नसते.

भीमा ओलांडून उत्तरेस शिरूर तालुक्यात जावे, तो या मौजेला शर्यतीचे रूप आलेले दिसते. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर हा बैलगाड्याचा मुलूख. ग्रामदैवताची यात्रा आणि चढणीची ती धावपट्टी, जिला सर्वजण घाट म्हणतात, यांचा संबंध येथे देवळाला कळस असावा तितका स्वाभाविक मानला जातो. हलक्या गाड्याला चार बैल जुंपतात; पायथ्याशी पाच-सात जण त्यांना कसेबसे आवरून धरतात; इशारा होतो, हात सुटतात, निवेदकाच्या तोंडून ‘भिर्रर्र’ असा दीर्घ उद्गार निघतो, आणि पुढे धावणाऱ्या घोडीचा माग घेत गाडा घाट चढू लागतो. विशेष हे की, या गाड्यावर गाडीवान बसत नाही. ज्या कासऱ्यावाचून बैल आणि माणूस यांचा संबंध कल्पिता येत नाही, तो ऐन परीक्षेच्या क्षणी हातातून सुटलेला असतो. आणि वर्षभर घातलेली खुराक, केलेला सराव, लावलेला लळा यांचा निवाडा अवघ्या ११-१२ सेकंदांत होतो. या एका धावेला ‘बारी’ म्हणतात. ज्याची बारी सर्वांत कमी वेळात होईल तो गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो, आणि भंडाऱ्याने माणसे व बैल सारखेच पिवळे होतात.

मात्र ज्या हातात कासरा नाही त्या हातात कधीकधी टोकदार खिळा येई, हेही नाकारण्यात अर्थ नाही. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलाच्या खेळांवर निर्बंध आला, ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि घाट ओस पडले. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, तरी प्रत्यक्ष परवानगी मिळण्यास १६ डिसेंबर २०२१ उजाडला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. आता जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना हवा, पशुवैद्याचा दाखला हवा, धावपट्टी १००० मीटरांहून लांब नसावी, काठी-चाबूक वर्ज्य. या अटी पुष्कळांना जाचक वाटतात. पण बैलाच्या अंगावरून सुटलेला कासरा कायद्याने माणसाच्या अंगावर घातला, यात मला तरी अन्याय दिसत नाही.

खरा प्रश्न निराळाच आहे. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या वरवंडच्या शिवारात नांगरट आता ट्रॅक्टर करतो, आणि ढेकळेही तोच फोडतो. ज्या खिल्लाराने औत ओढले त्याच्या वाट्याला वर्षातून एखादा दिवस शर्यत येत असे. आज शर्यतीच्या खिल्लाराला औत ठाऊक नाही. मैंदावरची धाव श्रमाच्या पोटी जन्मली होती, घाटावरची श्रमाला मागे टाकून गेली. तरीही बारी संपल्यावर, सेकंदांचा आकडा ऐकण्यापूर्वीच, धापा टाकणाऱ्या बैलाच्या वशिंडावर मालकाचा जो हात जातो, तो त्याच्या बापाने बांधावर औत सोडताना ठेवलेल्या हाताहून वेगळा नसतो.