झड अडवायची ती बाहेरून

सोमाटणे फाट्याच्या आसपास, जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत, शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. अशा नव्या घरांत पावसाळ्याची एक तक्रार हटकून ऐकू येते : खिडकीच्या खालच्या कोपऱ्याशी भिंत ओली होते. आधी रंग फुगतो, मग पोपडे सुटतात, बोटाने चोळलं तर पांढरा लोणा हाताला लागतो. मग रंगाऱ्याला बोलावून आतून पुट्टी आणि महागडा वॉटरप्रूफ रंग लावला जातो. पुढच्या आषाढात ओल पुन्हा तिथेच. कारण बऱ्याचदा दोष भिंतीत नसतो नि रंगातही नसतो. तो चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात असतो, आणि तो सांधा बाहेरूनच बुजवावा लागतो. आतून लावलेला रंग भिंतीत शिरलेलं पाणी फक्त झाकतो.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात जेमतेम सात-साडेसातशे. सोमाटणे या दोहोंच्या मधलं. पण खिडकीपुरतं बोलायचं तर पाऊस किती पडतो यापेक्षा कसा पडतो हे महत्त्वाचं. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपी येणारी झड छज्ज्याला जुमानत नाही. वाऱ्याच्या दाबाने पाणी केसाएवढ्या भेगेतूनही आत ढकललं जातं. म्हणून पश्चिमेच्या खिडक्या आधी रडतात.

ती भेग पडते कशी? फट सिमेंटने भरतात. सिमेंट सुकताना आकसतं, तिथेच पहिली चीर जाते. पुढचं काम ऊन करतं. दोन मीटरची ॲल्युमिनियमची चौकट ३० अंशांनी तापली की सुमारे १.४ मिलिमीटर वाढते, काँक्रीट त्याच्या निम्म्यानेच. यूपीव्हीसीची चौकट तर चार मिलिमीटरच्या घरात जाते. रोज हलणाऱ्या सांध्यात न हलणारं सिमेंट टिकणार नाही, कितीही कुशल गवंड्याने भरलं तरी. तिथे ताणलं जाणारं सिलिकॉनच हवं. मात्र व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं, काचेसाठीचं सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही, ‘न्यूट्रल’ मागावं. जुनं सिमेंट खरवडून, धूळ झाडून, फट कोरडी करून आत फोमची गोल दोरी दाबायची आणि तिच्यावर सिलिकॉन भरायचं. दोरीमुळे ते फक्त दोन्ही कडांना चिकटतं. तळालाही चिकटलं तर ताणताना फाटतं. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतली बारीक भोकं मात्र चुकूनही बुजवू नयेत, आत आलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं. खिडकीखालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला ढाळ नसेल, तर एवढी मेहनतही अपुरी पडेल.

पूर्वीच्या घरांना कुठे सिलिकॉन होतं, असं कुणी म्हणेल. नव्हतं, कारण भिंत भिजूच दिली जात नव्हती : छपराची पावळी भिंतीपासून लांब पडे, पुढे ओसरी असे, कोकणात तर झावळ्यांचे झाप बांधून आडोसा करत. सातव्या मजल्यावरच्या उघड्या भिंतीला यातलं काहीच नाही. सिलिकॉनही कायमचं नसतं, हा आक्षेप खरा आहे. काही वर्षांनी त्याच्या कडा सुटतात, म्हणून दर उन्हाळ्यात ते पाहावं लागतं. पण सांधा पुन्हा भरणं हे भिजलेलं प्लास्टर फोडून काढण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

खरी अडचण उंचीची आहे. बाहेरून काम म्हणजे दोरावर लटकणारे कारागीर. ते एकट्या घरमालकाने करायचं काम नव्हे. सोसायटीने पूर्ण बाजू एकदम, एप्रिल-मे महिन्यात करून घ्यावी. इमारत नवी असेल तर खर्चाआधी कायदा पाहावा. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. तेव्हा ओल दिसली की रंगाऱ्याला फोन करण्याआधी फोटो काढा, ताब्याची तारीख पाहा आणि लेखी अर्ज द्या.