दवाखान्याचा गुण कसा ओळखावा?

बावड्याकडच्या कष्टकरी माणसाला दुखणे अंगावर काढायची सवय असते. उसाची तोड चालू असताना रोज बुडवून दवाखान्यात कोण जाणार? मग एखाद्या रात्री दुखणे उलटते आणि घाईघाईने गाडी काढली जाते. जायचे कुठे? गावातला सरकारी दवाखाना, इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय, नीरा ओलांडून अकलूज, की थेट बारामती? अशा वेळी निर्णय घेतो तो गाडीचा ड्रायव्हर, नाहीतर मुक्कामाला आलेला पाहुणा. "त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे," एवढे एक वाक्य पुरते.

आम्हीही घरच्या आजारपणात असेच एका दवाखान्यात गेलो. दर विचारला नाही, काही पाहिले नाही. बिल हातात पडले तेव्हा घरातले डोरले गहाण टाकावे लागले. नंतर कळले की ते ऑपरेशन सरकारी योजनेत मोफत बसत होते. फक्त तो दवाखाना योजनेत नव्हता. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पारखून घ्यावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. मग दवाखान्याच्या बाबतीतच आपण ती का विसरतो?

आकडे उघडे झाले की

हाताचा गुण मोजता येतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून हृदयाच्या बायपास ऑपरेशनची रुग्णालयवार नोंद ठेवली आणि ती लोकांपुढे मांडली. रुग्णाचे वय व आधीचे आजार हिशेबात धरून काढलेले मृत्यूचे प्रमाण १९८९ मध्ये शंभरी ४.१७ होते. १९९२ मध्ये ते २.४५ वर आले. आपले आकडे लोक पाहणार आहेत म्हटल्यावर रुग्णालयांनी आपल्या चुका शोधल्या.

पण आकडा नीट वाचावा लागतो. पुण्याच्या ससूनमध्ये इतर ठिकाणांहून हात टेकून पाठवलेले रुग्ण येतात. तिथे मृत्यू जास्त दिसले म्हणून ते रुग्णालय वाईट ठरत नाही. जो दवाखाना अवघड रुग्ण दारातूनच परत पाठवतो, त्याचा आकडा साहजिकच सुंदर दिसणार. म्हणून किती दगावले एवढेच विचारू नये. कसले रुग्ण आले होते, हेही विचारावे.

आपल्या जिल्ह्यातला धडा

असे आकडे आपल्याकडे सामान्य माणसाच्या हाती सहज पडत नाहीत. पण लोकांनी स्वतः नोंद ठेवल्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यांत पुणे जिल्हा होता. डॉक्टर हजर असतात का, औषध मिळते का, पैसे मागतात का, असे प्रश्न गावकऱ्यांनीच विचारले. उत्तरांवरून आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक तयार झाले. चांगल्याला हिरवा, मध्यमला पिवळा आणि वाईटाला लाल रंग. मग जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर ठेवले गेले. शाळेची पायरी न चढलेल्या मायमाउल्यांनाही लाल रंग वाचता येत होता.

जाण्यापूर्वी काय पाहावे?

पहिले, नोंदणीचे प्रमाणपत्र. खासगी रुग्णालयाची नोंदणी तीन वर्षांची असते. मुदत संपलेली नाही ना, ते पाहावे.

दुसरे, दरपत्रक. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. फलक नसेल तर विचारावे. तपशीलवार बिल मागणे हा आपला हक्क आहे.

तिसरे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. दवाखाना योजनेत आहे एवढ्याने भागत नाही. आपल्याला हवा तो उपचार त्याच दवाखान्यात योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ असू द्यावे.

चौथे, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचे गुणवत्ता प्रमाणपत्र. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचे प्रमाणपत्र आणि 'कायाकल्प' पुरस्कार तपासणीत गुण मिळाल्यावरच मिळतात. त्यावरचे वर्ष मात्र वाचावे. जुना मान आजची हमी नव्हे.

पाचवे, डॉक्टरांनाच विचारावे. हे ऑपरेशन येथे वर्षाला किती होतात? भूलतज्ज्ञ रात्री असतात का? रक्ताची सोय कुठे? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

बाळंतपणाचा प्रश्न

घरात लेक किंवा सून गरोदर असेल तर एक प्रश्न अधिक विचारावा: येथे शंभरातली किती बाळंतपणे सिझेरियनने होतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील खासगी रुग्णालयांत हे प्रमाण शंभरी ४७.४ आढळले, तर सरकारी रुग्णालयांत १४.३. सिझेरियन कित्येकदा आईचा आणि बाळाचा जीव वाचवते, त्याला घाबरू नये. पण एवढी तफावत केवळ आजारामुळे पडते का, हे विचारायला हवे. सातव्या-आठव्या महिन्यातच दोन ठिकाणी चौकशी करून ठेवावी. कळा सुरू झाल्यावर चौकशीला वेळ नसतो.

जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र फलक वाचत बसू नये. १०८ ला फोन करून मोफत रुग्णवाहिका बोलवावी. म्हणूनच ही चौकशी सगळे धडधाकट असताना करायची. जवळच्या दवाखान्यांची नावे, सोयी आणि फोन क्रमांक एका वहीत लिहावेत आणि ती वही रेशनकार्डाशेजारी ठेवावी. वस्तीतले कोणी उपचार घेऊन आले की पैसे किती लागले, वागणूक कशी मिळाली, तेही तारखेसह टिपावे.

चार घरांच्या चार वह्या एकत्र आल्या की वस्तीचे प्रगतिपुस्तक तयार होते. मग ड्रायव्हर विचारेल, "कुठे घेऊ गाडी?" तेव्हा उत्तर आपल्या घरातून निघेल.